होडीवरचा माळा

आमच्या घराला दोन दारं होती आणि नदीकडचं दार आम्ही पुढचं मानायचो. त्यामुळे गावाकडून येणाऱ्याला आधी घराची पाठ दिसायची, वाळत घातलेलं जाळं दिसायचं, आणि वळचणीला आडवे टांगलेले लांब बांबू. गाव भीमेच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात. पलीकडचा काठ दौंडचा. खाली बंधारा झाल्यापासून पाणी पसरट आणि उथळ झालं होतं. हायस्कूल, दौंडला जाणारी एसटी, दवाखाना हे सगळं पलीकडे. म्हणून गावाला होडी लागायची, आणि होडीला आमचं घर. माझे अब्बा, त्यांचे अब्बा आणि त्यांच्याही मागचे सगळे नाववाले. आम्हाला आडनाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. गावात मी नाववाल्याची नसीम.

अब्बांचं जेवण एका बैठकीत झालेलं मला आठवत नाही. अम्मी तव्यावरून भाकरी उचलून निखाऱ्यावर टाकायची, चिलापी माशाचं तिखट कालवण ताटलीत ओतायची, आणि अब्बा दुसरा घास मोडतात तोवर पलीकडून हाक यायची, "ओ बाबूभाईऽऽ!" पाण्यावरून येणारी हाक जमिनीवरून येणाऱ्या हाकेसारखी नसते. ती जरा सपाट होऊन येते. अब्बा ऐकूनच सांगायचे, "मास्तर आहेत," किंवा "कुणीतरी आजारी माणूस आणलंय, घाईत हाय." अम्मी ताटलीवर दुसरी ताटली पालथी घालायची. आमच्या घरात ताटल्या नेहमी जोडीनं विकत घेतल्या जायच्या. आज मी शिरूरला माझ्या घरी एकटी जेवायला बसते, गॅसवरून गरम पोळी थेट पानात येते, तरी मध्येच माझा हात थांबतो. कुणाची हाक येणार नाही हे हाताला अजून पटलेलं नाही.

अब्बा वल्हं कधीच वापरायचे नाहीत. होडीच्या मागच्या टोकाला उभे राहून बांबू तळाला टेकवायचे आणि रेटायचे. तळ वाळूचा आहे की चिखलाचा, हे त्यांना तळहातातून कळायचं. पण मी नववीत गेले त्या सुमारास नदीचा तळच बदलायला लागला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ट्रॅक्टर पात्रात उतरायचे, वाळू भरायचे. पाणी परत चढलं की त्यांनी केलेले खड्डे खाली लपायचे. वरून सगळं सारखंच चकचकीत. एका सकाळी होडीत आम्ही शाळेची पोरं दाटीवाटीनं बसलो होतो. अब्बांनी बांबू टाकला आणि तो खाली गेला, गेला, त्यांच्या मुठीपर्यंत गेला, तरी तळ लागला नाही. ते पुढे झुकले, बांबू हातातून सुटला आणि होडी गरकन फिरली. पोरांना गंमत वाटली, सगळी ओरडायला लागली. अब्बांनी पाण्यात उडी घेतली आणि होडीचं टोक छातीशी धरून, पाय मारत, आम्हाला उथळ जागेपर्यंत ढकलत आणलं. "आज होडीला बाबूभाईचं इंजन!" एक पोरगा म्हणाला, आणि अब्बाही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी भाकरी मोडून ताटलीत तशीच ठेवली. अम्मीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, स्वच्छ टोपी, शांत आवाज. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण मी त्यांच्या उपकारात आहे. पुढे दहावीनंतर मला घरी बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा हेच आप्पा आमच्या अंगणात बसून म्हणाले होते, "बाबूभाई, पोरगी हुशार हाय. दौंडला कॉलेजात घाला. लोक काय बोलत्यात ते मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. हे मी विसरलेले नाही. पण वाळूचे ट्रॅक्टरही त्यांच्याच पुतण्याचे होते, तेही विसरलेले नाही.

त्या सकाळी आप्पा म्हणाले, "पोरं बसत्यात होडीत. कायतरी करा, बाबूभाई."

"करतो की. खड्डं दिसलं तर टाळीन. दिसतच न्हाईत."

"लाकूड लागलं तर माझ्या बांधावरची बाभळ तोडा. पण कायतरी करा."

खड्डे बुजवा किंवा पाडू नका, असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. ते आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि आलं असतं तर तोंडातून बाहेर आलं नसतं.

उपाय मला सुचला. जोंधळा हुरड्यात आला की पाखरं राखायला मी आप्पांच्या रानात जायचे. शेताच्या मधोमध चार मेढी पुरून वर फळ्यांचा माळा बांधलेला असायचा. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हाऽहाऽ करून ओरडायचं. रान नदीकाठी. माळ्यावरून मला नदी दिसायची आणि नुसतं पाणी नाही, पाण्याखालचंही दिसायचं. वाळू पिवळट, चिखल तपकिरी, आणि खड्डे गडद हिरवे, मेंदीची पानं वाटून ठेवावीत तसे. खाली काठावर उतरलं की पुन्हा नुसतं चकाकणारं पाणी. मी अब्बांना म्हटलं, "होडीवर माळा बांधा. मागच्या टोकाला. त्यावर उभं राहून बांबू मारा."

अब्बांनी होडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडलो म्हंजी?"

"पोहता येतं तुम्हाला."

अम्मी चुलीपुढून हसली. घरात हसू आलं की काम सुरू होतं, असा आमच्याकडचा शिरस्ता होता.

माळा किती उंच असावा यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरही पुढे झाली नाही. होडी उथळ पाण्यात उभी करून अब्बा आधी पाटावर उभे राहिले. काही दिसेना. मग रॉकेलचा रिकामा डबा पालथा घातला. खड्ड्याची कड दिसायला लागली, पोट दिसेना. मग डब्यावर पाट. आता सगळं दिसलं, पण होडी अशी डुलायला लागली की अब्बा दोन्ही हात पसरून तसेच थिजले. काठावरून अम्मी ओरडली, "इत्ता उंच कायकू? मिनार बांधना है क्या?" ती थट्टा होती. अम्मीच्या थट्टा मोठ्यानं असायच्या, काठावर कपडे धुणाऱ्या बायाही हसल्या. शेवटी गुडघ्यापेक्षा जास्त आणि कमरेपेक्षा कमी अशी उंची ठरली. माझं म्हणणं आणखी वीतभर वर जाण्याचं होतं. ते फेटाळलं गेलं.

बाभूळ आप्पांची, करवत सुताराची. सुतारमामा चार पाय कापून, कातरून, आडव्या पट्ट्या मारून होडीच्या काठाला टेकवून म्हणाले, "आता खिळं ठोकतो."

"खिळं नको, मामा. नट-बोल्टचं करा," अब्बा म्हणाले.

"नट ढिलं व्हत्यात. पाण्यात गंजत्यात. खिळा म्हंजी एकदा मारला की जलमभर."

"जलमभर नकोच. एक दिवस तो काढावा लागंल."

"कवा?"

"जत्रंला."

मामांनी अब्बांकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली. "व्हय की," ते म्हणाले. "हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

आमच्या गावची देवी जत्रेच्या दिवशी पलीकडच्या गावातल्या तिच्या बहिणीला भेटायला जायची. पालखी होडीतून जायची आणि होडी आमची. किती पिढ्या, ते कुणाला सांगता यायचं नाही. त्या आधीचे पाच दिवस आमच्या घरात मासा शिजत नसे, अंडंसुद्धा येत नसे. आदल्या दिवशी होडी धुऊन, डांबराचा नवा हात देऊन, तोंडाला झेंडूचं तोरण. अम्मी पुरण शिजवायची. तिच्या पुरणाला जायफळ जास्त असायचं, आणि आप्पांच्या घरच्या म्हाताऱ्या आजी म्हणायच्या, नाववालीच्या पोळीशिवाय जत्रा अळणी. अब्बा अंघोळ करून, अनवाणी, उपाशीपोटी बांबू हातात घ्यायचे. पालखी मध्ये, भगत पुढे, अब्बा मागे. पलीकडे पोचलं की भगत एक नारळ अब्बांच्या हातात द्यायचा. तो नावेचा मान. अब्बा तो होडीच्या तोंडावर फोडायचे, पहिलं पाणी नदीला, पहिला तुकडा पालखीच्या भोयाला, आणि उरलेला घरी. आमच्या घरात ज्या वस्तू कुलपात असायच्या त्यांत मागच्या जत्रेची करवंटी असायची.

"देवी खाली बसणार आन् मी वर उभा?" अब्बा म्हणाले. "माझं पाय तिच्या डोक्यावर जात्यात, मामा."

मग नट-बोल्ट आणायला अब्बा आणि मी बाजारच्या दिवशी एसटीनं शिरूरला गेलो. दुकानदारानं बोल्ट तोलून दिले. ट्रकच्या जुन्या टायरच्या पट्ट्याही घेतल्या, फळीवर पाय घसरू नये म्हणून ठोकायला. येताना अब्बांनी मला बसस्टँडवर भेळ खाऊ घातली आणि बोल्टची पिशवी सगळा रस्ता मांडीवर ठेवली.

माळ्यावरचे अब्बा मला अजून दिसतात. सकाळचं ऊन पाण्यावर पसरलेलं, होडीत आम्ही पोरं, सायकली, दुधाच्या किटल्या, आणि सगळ्यांच्या वर अब्बा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोळे बारीक करून खाली बघणारे. बांबू उचलला की त्यावरून थेंब ओळीनं आमच्या डोक्यांवर पडायचे. खड्डा आला की ते लांबूनच वळायचे आणि स्वतःशी म्हणायचे, "हिरवा आला." त्या वर्षात होडी एकदाही फिरली नाही. पलीकडचे लोक त्यांना लांबून ओळखायला लागले. मला वाटतं, आयुष्यात तेवढेच दिवस अब्बा ताठ उभे राहिले. काम तसं होतं, वाकून दिसलंच नसतं.

तोपर्यंत गावात बदल होत होते. वरच्या अंगाला पूल बांधून पूर्ण होत आला होता. आप्पांचा पुतण्या संतोष, ट्रॅक्टरवाला, आता एका कंपनीत सुपरवायझर झाला होता आणि रोज संध्याकाळी त्याच्याभोवती पारावर पोरं जमायची. एकदा मी पाराजवळून येत असताना त्यानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबूभाईनं मिनार बांधलाय नदीत. आता वरनं बांग दिली की झालं." पोरं हसली. शब्द अम्मीचाच होता. काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी तो घरी नेला असणार, थट्टा म्हणूनच. पारावर पोचेपर्यंत तो दुसराच काहीतरी झाला होता.

मी घरी सांगितलं. अब्बा म्हणाले, "त्यांचं खोटं न्हाई. देवीच्या वर उभं राहणं बरं न्हाई. त्यांना म्हाईत न्हाई माळा निघतो म्हणून." आणि जत्रेच्या आठवडाभर आधी त्यांनी आप्पांना मुद्दाम घाटावर बोलावलं. पाना घेऊन एकेक नट सोडवला, माळा अलगद उचलून वाळूवर ठेवला. बाभळीच्या पायांच्या खुणा होडीच्या काठावर तेवढ्या राहिल्या.

"हे बघा, आप्पा. त्या दिवशी हा न्हाई. मी खालीच."

आप्पांनी होडीवर हात फिरवला. "बरं केलं," ते म्हणाले. "लई बरं केलं, बाबूभाई." अब्बा त्या रात्री पोटभर जेवले.

जत्रेच्या सकाळी आम्ही तिघं घाटावर होतो. होडीच्या तोंडाला तोरण, मध्ये धुतलेली सतरंजी. अम्मीनं पुरणपोळ्यांचं ताट फडक्यानं झाकून मांडीवर घेतलं होतं. गावातून हलगी सुरू झाली. तिचा रस्ता आम्हाला कानानं पाठ होता. देवळापासून पेठेत, पेठेतून वेशीत. वेशीत हलगी नेहमी थोडा वेळ थांबते, तिथं नारळ फुटतात, आणि मग उतारानं घाटाकडे येताना एकदम मोठी होते. ती वेशीत थांबली. अब्बांनी बांबू हातात घेतला आणि हलगी पुन्हा सुरू झाली. ती मोठी होण्याची आम्ही वाट पाहत होतो. ती बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग तिच्याबरोबर ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला, डांबरी रस्त्यानं, पुलाच्या दिशेनं. अम्मी म्हणाली, "वळून येत असतील." अब्बा होडीत, खालच्या फळीवर उभे होते. बांबू तळाला टेकलेला. हलगी अजिबात ऐकू येईनाशी झाल्यावरही ते तसेच उभे होते, आणि तोरणातली झेंडूची फुलं पाण्याच्या हलक्या हेलकाव्यानं होडीच्या लाकडावर घासत होती. त्या घासण्याचा आवाज मला ऐकू आला, एवढी शांतता होती.

दुपारी आप्पा एकटेच आले. हातात नारळ होता.

"पूल झालाय आता," ते म्हणाले. "ट्रॅक्टरनं सोयीचं पडतं. पोरांचं म्हणणं पडलं."

"माळा काढलाय, आप्पा."

"दिसतंय की."

"मंग?"

आप्पांनी नदीकडे पाहिलं. "तुमाला कुणी काय बोललं का? न्हाई ना? मंग मनाला लावून घेऊ नका. मान तुमचाच हाय. तो घरपोच मिळंल दरसाल." आणि त्यांनी नारळ पुढे केला.

अब्बांनी दोन्ही हात मागे घेतले. रागानं नाही. पोतं उचलायला सांगितलं आणि ते आपलं नसलं तर माणूस मागे होतो, तसे. "नाव न्हेली न्हाई," ते म्हणाले, "तर नारळ कशाचा?"

तक्रार उंचीची नव्हतीच, हे कळायला मला पुष्कळ पुस्तकं वाचावी लागली. अब्बांना बहुधा त्याच दुपारी कळलं. त्यांनी एका गंभीर आक्षेपाला सुताराकडून उत्तर आणलं होतं, चार बोल्ट आणि एक पाना. समोरच्यांकडे आक्षेप नव्हता, फक्त ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी पुरणपोळ्या आम्हीच खाल्ल्या. जायफळ नेहमीपेक्षा जास्त झालं होतं, किंवा मला तसं वाटलं.

माळा पुन्हा होडीवर चढला नाही. पूल झाल्यावर होडीत बसायला येणारी माणसं कमी झाली, मग अब्बा नुसती मासेमारी करत राहिले. माळा वळचणीला उलटा पडून होता. मी बारावीला होते आणि जमिनीवर बसून लिहिताना माझी पाठ दुखायची. एका सकाळी अब्बांनी तो अंगणात आणला, पायांना दगड लावून पातळी केली आणि फळी धुवायला बसले. आधी राखेनं घासली, मग गरम पाण्यानं, मग नारळाच्या काथ्यानं टायरच्या पट्ट्यांच्या फटी एकेक करून. मी म्हटलं, "अब्बा, स्वच्छ झाली." ते घासतच राहिले. "पुस्तकं ठेवणार तू ह्यावर," ते म्हणाले. "हितं माझं पाय होतं." दिवसभर ती फळी उन्हात ठेवली आणि संध्याकाळी स्वतःच्या धुतलेल्या लुंगीनं पुसून आत आणली. मी त्यावरच लिहून बी.ए. केलं. टायरच्या पट्ट्यांवरून पेन उडायचं, कागदाला भोकं पडायची, माझं अक्षर अजूनही मध्येच उचकी लागल्यासारखं आहे. तो माळा आज शिरूरला माझ्या खिडकीपाशी आहे. हे प्रकरण त्यावरच लिहिते आहे.

गावात आमच्या समाजातली मी पहिली पदवीधर. आप्पांनी देवळापुढच्या मांडवात सत्कार ठेवला. टेबलं जोडून व्यासपीठ केलं होतं, वर सतरंजी. माईक संतोषच्या हातात होता आणि तो माझ्याबद्दल चांगलं बोलला, मनापासून बोलला, हेही मी लिहून ठेवते. आप्पा म्हणाले की ही पोरगी गावाचा मान आहे. मला शाल दिली, नारळ दिला. मी तो घेतला. मग आप्पांनी समोर पाहिलं. अब्बा अगदी मागे, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी, धुतलेला सदरा घालून उभे होते.

"बाबूभाई! तिथं काय करताय? वर या, वर या. पोरीच्या शेजारी उभं ऱ्हावा."

माणसं बाजूला झाली, वाट झाली. अब्बा दोन पावलं पुढे आले, टेबलांपर्यंत. संतोषनं वाकून हात पुढे केला. अब्बांनी टेबलाच्या पायाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे, आणि हात जोडले.

"नको, आप्पा," ते म्हणाले. "मी खालीच बरा हाय."

लोकांना तो साधेपणा वाटला. सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या, आप्पांनीही. माझे दोन्ही हात नारळात अडकले होते.